सुपारीचा चंद्र

आमच्या घरातली सूर्यमाला माझ्या स्वयंपाकघरातून जायची. सूर्य म्हणजे तांबडा भोपळा. शुक्र आणि पृथ्वी म्हणजे ज्वारीचे दोन दाणे, मंगळ म्हणजे मोहरी, गुरू म्हणजे लिंबू, शनी म्हणजे आवळा आणि त्याचं कडं जुन्या पोस्टकार्डातून कापलेलं. हर्षल आणि नेपच्यून वाटाणे, बुध आणि प्लूटो खसखशीचे दाणे. हे सगळं पिशवीत भरून माझी भावजय सत्यवती सकाळी शाळेत जायची, आणि संध्याकाळी परत यायची तेव्हा लिंबू सुकलेलं असायचं आणि प्लूटो हरवलेला असायचा.

"वन्सं, खरा प्लूटो शोधायलासुद्धा लोकांना फार वर्षं लागली," असं वर मला ऐकवायची.

"लागेनात का," मी म्हणायची. "त्यांना खसखस विकत आणावी लागत नव्हती."

मी वेणू. नवरा लवकर गेला, तेव्हापासून पनवेलला धाकट्या भावाकडे, कमळाकरकडे राहत होते. कमळाकर मामलेदार कचेरीत कारकून. बायकोपुढे बोलायचा नाही आणि बहिणीपुढेही बोलायचा नाही, त्यामुळे घरात शांतता असायची, म्हणजे आम्ही दोघी भांडत नसू तेव्हा. माझ्या जिभेला हाड नाही असं आळीत म्हणतात. कोणाच्या जिभेला असतं, ते मला दाखवा.

सत्यवती मुलींच्या शाळेत सातवीला शिकवायची. माहेर अलिबागचं. तिचे वडील तिथल्या वेधशाळेत कारकून होते. ती वेधशाळा ताऱ्यांची नव्हे, जमिनीतलं चुंबकत्व मोजायची. पण लोकांना वेधशाळा म्हटलं की तारेच आठवणार! रस्त्यात कोणीही अडवून विचारायचं, "काय हो, तो तारा कुठला?" बिचाऱ्यांनी लाजेखातर पुस्तकं आणून तारे शिकून घेतले आणि मुलीला शिकवले. लाजेखातर शिकलेलं इतकं पक्कं असतं हे मला सत्यवतीकडे बघून कळलं.

पनवेलच्या शाळेत पहिल्यांदा तिनं विचारलं, "नऊ ग्रह कोणते?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, रवी, सोम, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, राहू, केतू. सत्यवती म्हणाली, "मोजणी बरोबर, मंडळी चुकली." मग तिनं रवीला काढलं, सोमाला काढलं, तोवर मुलींनी ऐकून घेतलं. पण राहू-केतू असे कोणी नाहीतच म्हटल्यावर एका पेढीवाल्याची मुलगी रडायलाच लागली. तिच्या आईनं आदल्याच आठवड्यात राहूची शांत करून घेतली होती, भटजींना जेवू घालून. आता ते जेवण कोणाच्या नावानं धरायचं? हे मला सत्यवतीनं रात्री वाढताना सांगितलं आणि हसून हसून माझ्या हातातली डाळ सांडली.

त्या वर्गात शेवटच्या रांगेत कोळीवाड्यातली भामा बसायची. हुशार पोर, पण जन्मापासून वरचा ओठ नाकपुडीपर्यंत फाटलेला. ती कशी बोलायची ते मी बोलून दाखवणार नाही. गावात दाखवणारे पुष्कळ होते. तिचं बोलणं मी सरळच सांगते आहे, फक्त एक शब्द सोडून. प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि तिचे मिटायचे नाहीत. स्वतःचं नावसुद्धा तिला नीट सांगता यायचं नाही. आणि 'बाई' म्हणायला गेली की 'ब' वाऱ्यावर जायचा आणि उरायचं 'आई'. "आई, आले." "आई, झालं." हजेरीच्या वेळी सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा.

सत्यवतीनं ते कधी सुधारलं नाही. तिची दोन मुलं पोटातच गेली होती. मी एकदा विचारलं, "तू त्या पोरीला सांगत का नाहीस, हळू म्हण, पुन्हा म्हण?" तर म्हणाली, "ऐकायला बरं वाटतं, वन्सं." मी गप्प बसले. माझं गप्प बसणं आमच्या घरात सणासारखं, वर्षातून एकदा.

भामाचा ओठ ग्रहणात फाटला, हे अख्ख्या पनवेलला माहीत होतं. तिची आई गंगाबाई आमच्या आळीत मासळीची पाटी घेऊन यायची. भामाच्या वेळी पोटुशी असताना ग्रहण होतं. गरोदर बाईनं ग्रहण पाळायचं, म्हणजे घरात हलता न डुलता बसायचं, चिरायचं नाही, कापायचं नाही, बाहेर बघायचं नाही. पण पाटीत मासळी पडलेली, नासली तर खायचं काय? गंगाबाई विळीवर बसली आणि बोय चिरले. पुढं पोर झाली ती अशी. सासूनं म्हणे बाळंतिणीच्या खोलीतच विळी तिच्यापुढं आणून टाकली आणि म्हणाली, "बघ, काय चिरलंस ते."

आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गंगाबाईला सांगितलं होतं, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ओठ शिवून देतात. सत्यवतीनं तर दहादा सांगितलं. पण गंगाबाईचं एकच. "गिराणाचं हाय ते, बाई. हितं शिवलं तर दुसरीकडं उसवंल. मना आनकी दोन पोरं हायेत." आणि पाटी डोक्यावर घेऊन चालू लागायची.

सत्तावन्न साली रशियानं आकाशात कृत्रिम चंद्र सोडला. आमच्या घरात जणू लेकीचं लग्न निघालं. कमळाकर कचेरीतून येताना वर्तमानपत्र आणायचा आणि सत्यवती ते शाळेत नेऊन भिंतीला डकवायची. दिवाळीची सुट्टी संपते न संपते तोच दुसरा चंद्र गेला, त्यात एक कुत्री. आणि त्याच आठवड्यात त्रिपुरी पौर्णिमेला संध्याकाळीच खग्रास चंद्रग्रहण आलं. सत्यवतीला पाचवा महिना होता.

ग्रहण शिकवायला म्हणून तिनं माझा नारळ आणि माझ्या चंचीतली सुपारी नेली. नारळ म्हणजे पृथ्वी, सुपारी म्हणजे चंद्र. लिंबा-आवळ्यापर्यंत मी सोसलं होतं, पण नारळ परत येईल याची मला खात्री नव्हती. म्हणून दुपारी मी स्वतःच शाळेत जाऊन मागं बसले.

खिडक्या लावून घेतल्या होत्या. टेबलावर कंदील, तो सूर्य. सत्यवतीनं एका हातात नारळ धरला, दुसऱ्या हातानं सुपारी त्याच्याभोवती हळूहळू फिरवली. सुपारी नारळाच्या मागं गेली आणि काळी पडली, पुढं आली आणि उजळली. मी जन्मभर ग्रहण पाळत आले, पण ग्रहण होतं कसं ते मला माझ्याच सुपारीनं सांगितलं. मुली माना उंचावून बघत होत्या.

मग जनी नावाची एक मिठागरवाल्यांची चळवळी पोर उठली. "बाई, त्ये वर गेलेली कुत्री गाभन तर नाय ना?"

कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच असावं. जनी म्हणाली, "गिराण तिच्या जवळच लागनार. तिला तिथं कोन बसवून ठेवनार?"

आता मात्र सत्यवती हसली, मीही हसले. सत्यवती म्हणाली, "ती गाभण असती तरी काही झालं नसतं, जने. ग्रहण म्हणजे नुसती सावली. सावलीनं कधी काही फाटतं का?"

फाटतं! शब्द तोंडातून गेला आणि सगळा वर्ग मागं वळून भामाकडे बघायला लागला. सत्यवतीचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला. आणि हे लक्षण तर माझं होतं, हिला कुठून लागलं?

भामा उठून उभी राहिली. तोंडावर पदर घ्यायची तिला सवय होती, तो तिनं घेतला नाही. तिनं विचारलं, "आई, मंग तुमी येनार भायेर? गिराणात?"

कंदिलाची वात फुरफुरत होती. पाचवा महिना काही लपत नाही, मुलींना सगळं दिसत होतं. सत्यवतीनं नारळ टेबलावर ठेवला. "येईन," म्हणाली.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. दोन गेली आहेत हे तिला आठवण करून दिलं. आठवण करून द्यायची गोष्ट आहे का ती? पण राग आला की मला कळत नाही, आणि राग भीतीपोटी आला असला तर मुळीच कळत नाही. मी म्हटलं, "शिकव की. शिकवायला कोण नको म्हणतंय? पण त्या संध्याकाळी दार लावून आत बस. कोण बघायला येतंय?"

"भामा येईल," सत्यवती म्हणाली. "मी आत बसले तर तिला काय कळेल? बाई सांगतात सावली, आणि स्वतः लपून बसतात. म्हणजे माझ्या आईनंच केलं, असंच ती म्हणेल. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं व्हायचं माझं."

"पाषाण तर पाषाण," मी म्हटलं. "पाषाणाला पोर होऊ दे आधी."

कमळाकर वर्तमानपत्रामागून म्हणाला, "तसं दोघींचंही बरोबर आहे." आम्ही दोघींनी मिळून त्याला गप्प केलं.

माझा विश्वास होता का, म्हणून विचाराल. अर्धा होता. अर्धा विश्वास फार वाईट. पुरा असला की माणूस पाळतो आणि घोरत पडतो. मुळीच नसला तरी घोरत पडतो. मी कूस बदलत राहिले. सकाळी बघते तर सत्यवती त्रिपुराच्या वाती वळत बसलेली, आणि वात काही वळेना. मला बघून म्हणाली, "वन्सं, मला भीती वाटते हो. मला सगळं समजतं, तरी वाटते. मग त्या पोरीनं इतकी वर्षं काय सोसलं असेल?" मी तिच्या हातातला कापूस घेतला आणि उरलेल्या वाती वळून टाकल्या.

त्या दुपारी गंगाबाई आली. पाटी नव्हती डोक्यावर. लुगडं धुतलेलं, हात जोडलेले. ओट्यावर न बसता पायरीवरच उभी राहिली.

"बाई, पोरीनं सांगितलं मना. तुमी भायेर जाऊ नका."

सत्यवती म्हणाली, "गंगाबाई, मी तुम्हाला समजावून सांगू का? नारळ आहे अजून घरात."

"नारळ नको. तुमी शिकल्या, मी अडानी. पन ह्या एका गोष्टीत मी शिकलेली हाय. माझ्या पोरीच्या तोंडावर लिवलंय ते, रोज वाचते मी." तिचा आवाज चढला नाही. मासळीच्या दरावरून माझ्याशी हमरीतुमरीवर येणारी बाई ती, तिला इतक्या हळू बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुमची दोन गेली, मना ठाव हाय. हे जाऊ देऊ नका. असं तोंड घेऊन येऊ देऊ नका. पाया पडते."

"आणि भामाला मी काय सांगू?"

"तिला काय सांगायचं? तिला म्हाईत हाय तिच्या आयशीनं काय केलं."

सत्यवतीच्या डोळ्यात पाणी आलं. पण तिनं मान हलवली. नाही म्हणून हलवली. गंगाबाई म्हणाली, "बरं. मंग तुमच्या वाटचं मी बसते. घरात दार लावून, हलनार नाय. देवाला कोनी तरी बसलेलं दिसलं म्हंजे झालं." आणि निघून गेली. तिला मागं बोलावून सत्यवतीच्या हातनं हळदीकुंकूसुद्धा मी देववलं नाही, इतकी माझी अक्कल गेली होती. माझ्यासारख्या विधवेच्या हातचं ते चालत नाही.

संध्याकाळी आळीतली दारं एकेक लागली. वेध लागल्यापासून चुली थंड होत्या, देवळं बंद होती. एरवी त्रिपुरीला वडाळे तळ्याच्या काठानं पणत्या असतात, त्या दिवशी तळं काळंच होतं. सत्यवती निघाली. मी म्हटलं होतं, मी येणार नाही. शाल घेऊन मागोमाग गेले. थंडी होती म्हणून, दुसरं काही नाही.

तळ्याकाठच्या मोकळ्या जागेत मुली जमल्या होत्या, बोटांवर मोजण्याएवढ्या. बाकीच्यांना घरच्यांनी सोडलं नव्हतं. जनी होती. आणि भामा होती, केसांना तेल लावून, वेणी घालून, परीक्षेला आल्यासारखी. सत्यवतीला बघितल्यावर तिनं एक मोठा श्वास सोडला तो मला ऐकू आला.

प्रबळगडाच्या बाजूनं चंद्र वर आला, चांगला ताटाएवढा. थोड्याच वेळात त्याची एक कड मळकी दिसायला लागली. मुली एकमेकींना चिकटल्या. सत्यवतीचा एक हात पोटावर होता, तिच्या ते ध्यानात नव्हतं, मी मात्र तेवढंच बघत होते. तिचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना कापला, मग वर्गातल्यासारखा झाला.

"ती कड बघा. गोल आहे की नाही? ती आपल्या पृथ्वीची सावली. त्या सावलीत पनवेल आहे, कोळीवाडा आहे, आणि आपण सगळ्या आहोत."

जनीनं लगेच दोन्ही हात वर करून हलवले, चंद्रावर दिसतात का बघायला. "दिसत नाय!" म्हणून तिनं तक्रार केली. मुली हसल्या, आणि हसल्यावर जरा सैल झाल्या. भामा हसली नाही. ती एकदा चंद्राकडे बघे, एकदा सत्यवतीकडे.

अंधार वाढत गेला. तारे बाहेर आले, पौर्णिमेला कधी दिसत नाहीत इतके. मग सगळाच चंद्र झाकला गेला, पण गेला मात्र नाही. चिंच न लावलेल्या जुन्या घागरीसारखा तांबडा होऊन तिथंच राहिला. लांब कुठंतरी कोणी ओरडत होतं, "दे दान, सुटे गिराण." मी देवाला म्हटलं, बाबा, काय घ्यायचं ते माझं घे.

"वन्सं," सत्यवती म्हणाली, "अडकित्ता द्या."

चंची माझ्या कमरेला होती, तिला ते माहीत होतं. मी म्हटलं, "नाही देणार."

"द्या ना."

"आलीस, बघितलंस, पुष्कळ झालं. कापायचं कशाला? देवाच्या नाकावर टिच्चून?"

ती माझ्याशी वाद घालत बसली नाही. हात पुढं करून उभी राहिली, आणि म्हणाली, "हिच्या आईनं नुसतं बघितलं नव्हतं. तिनं चिरलं होतं."

भामानं ते ऐकलं. पोर माझ्याकडे बघत होती. मला शिव्या देता येतात, भांडता येतं, पण त्या पोरीच्या नजरेपुढं मला चंचीची गाठ धरून ठेवता आली नाही. मी अडकित्ता दिला, आणि सत्यवतीचं मनगट धरून ठेवलं.

वर्गातली तीच सुपारी. चंद्र झालेली. तिनं ती अडकित्त्यात धरली आणि दाबली. कट् झालं. दोन्ही भागांचे आणखी तुकडे केले आणि तळहातावर घेऊन मुलींपुढं धरले. ग्रहणात पाणीसुद्धा पीत नाहीत, सुपारी कोण खाणार? एकही हात पुढं आला नाही. सत्यवतीचा तळहात तसाच राहिला, आणि मला वाटलं, आता हिचा हात खाली येणार.

भामा पुढं आली. तिनं एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावला. सगळ्या तिच्या ओठाकडं बघत होत्या, आणि तिनं बघू दिलं. मग जनीनं घेतला, मग बाकीच्यांनी. उरलेला चुरा मी खाल्ला. मला सुपारीशिवाय करमत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. सत्यवती शाळेत जात होती, ग्रह शिकवत होती, रात्री कुशीवर वळताना "अगं बाई" म्हणाली तरी मी उठून बसायची. आळीतल्या बायका मला पाणवठ्यावर विचारायच्या, "कसं आहे हो?" त्या विचारण्यात काळजी कमी आणि उत्सुकता जास्त. मी म्हणायची, "कसं असणार? पोटात आहे. बाहेर आलं की तुम्हाला बोलावते."

शिमग्याच्या आधी सत्यवती बाळंत झाली. सुईणीनं बाळ माझ्या हातात दिलं आणि मी त्याला दिव्याजवळ नेलं. पहिल्यांदा ओठ बघितला. खालचा, वरचा, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. अखंड होता. मुलगा की मुलगी ते मी नंतर पाहिलं. मुलगी होती. मग मी तिला घेऊन तिथंच जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. सत्यवती खाटेवरून घाबरून विचारायला लागली, "काय झालं? वन्सं, काय झालं?" मी म्हटलं, "काही झालेलं नाही, मेले, म्हणून तर रडते."

बारशाला अख्खी आळी लोटली. नाव ठेवलं रोहिणी. आकाशातलंच, पण निदान ते माझ्या डब्यातून जात नव्हतं. गंगाबाई भामाला घेऊन आली, बाळंतिणीसाठी चिंबोऱ्या घेऊन. तिला बघताच बायकांनी सुरू केलं. "या गंगाबाई, तुमचेच उपकार! तुम्ही ग्रहण पाळलंत म्हणून पोर धड आली." सत्यवती काही बोलणार तोच मी तिचा हात दाबला. पोर धड आहे ना, मग श्रेय कोणाला का जाईना.

पण गंगाबाई म्हणाली, "मी कुठं पाळलं?"

चिंबोऱ्या तिनं खाली ठेवल्या.

"बसायला म्हनून घरी गेले, तर पोर घरात नाय. तशीच धावत आले तळ्यावर. वडामागं उभी व्हते, सारा वेळ. समदं बघितलं." तिनं माझ्याकडं बघितलं. "अडकित्तापन बघितला. वरडनार व्हते, आवाज निघाला नाय. कोनीच बसलं नव्हतं बाई. कोनीच पाळलं नाय."

ती पाळण्याजवळ गेली. वाकून तिनं अंगठा रोहिणीच्या वरच्या ओठावर ठेवला आणि हळूच फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मासळीच्या पाण्यानं चिरलेला अंगठा तो. रोहिणीला वाटलं दूध आलं, ती तोंड उघडून चोखायला बघायला लागली.

"मंग मी कायबी केलं नव्हतं?" गंगाबाईनं विचारलं. कोणाला विचारलं कोण जाणे.

सत्यवती म्हणाली, "काही केलं नव्हतं तुम्ही. मासळी चिरली होती, बाकी काही नाही."

गंगाबाई मटकन खाली बसली. "इतकी वर्सं मी माझ्या पोरीच्या तोंडाकडं सरळ बघितलं नाय," म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडली. भामा दाराशी उभी होती. ती येऊन आईच्या शेजारी बसली. गंगाबाईनं तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि बघितलं, बराच वेळ बघितलं. मग नाक पुसून सत्यवतीला म्हणाली, "बाई, ते मुंबयचं इस्पितळ म्हनत व्हतात ना. पोर मोठी झाली आता. अजून शिवतील?"

"शिवतील," सत्यवती म्हणाली.

वैशाखात कमळाकर त्या दोघींना घेऊन मुंबईला गेला. कारकुनाचा उपयोग अशा वेळी. कुठल्या खिडकीशी उभं राहायचं ते त्याला बरोबर कळतं. भामा परत आली ती ओठावर टाके घेऊन, आणि टाके गेल्यावर तिथं एक बारीक रेघ राहिली. पण ओठ मिटला म्हणून अक्षरं लगेच येत नाहीत. सवय नाही ना! सत्यवती तिला रोज संध्याकाळी आमच्याकडे बोलवायची, माझ्या आरशापुढं बसवायची आणि ग्रह म्हणून घ्यायची. बुध, पृथ्वी, मंगळ, प्लूटो. पोर घामाघूम व्हायची. निघायचं ते 'उध' आणि 'ऋथ्वी'. मी आतून म्हणायची, "सावकाश गं, ग्रह कुठं पळून जात नाहीत."

आषाढ लागला. एका संध्याकाळी मी रोहिणीला मांडीवर घेऊन चुलीपुढं बसले होते, तेवढ्यात बाहेरच्या दारातून हाक आली, "बाई!"

मला वाटलं कोणी दुसरीच मुलगी आहे. पुन्हा आली, "बाई! बुध, पृथ्वी, मंगळ, प्लूटो. भामा!" आणि मग हसण्याचा आवाज. सत्यवती धावत बाहेर गेली. तिनं भामाला जवळ घेतलं, साखर दिली, पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, पाठ थोपटली. पोर नाचत नाचत घरी गेली, आईला ऐकवायला.

सत्यवती आत आली आणि माझ्याजवळ पाटावर बसली. बघते तर डोळ्यांना धार लागलेली.

"आता गं काय?" मी म्हटलं. "एवढी छान बोलली पोर."

"छान बोलली," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसलं. "खूप छान बोलली. बाई म्हणाली मला, वन्सं."

मग मी रोहिणीला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"थांब की जरा," मी म्हटलं. "ही म्हणेल. त्याला कुठं ओठ मिटावे लागतात?"